खंडूचे पणजोबा कोण?

आमच्या इंदुरातल्या रामबागेत शनिवारी आम्ही पाच-सहाजण जमतो, तिथे मी माझी नवी गोष्ट वाचली. त्यातला खंडू रात्री सराफ्यात (दिवसा सोनारांचा बाजार, रात्री खाऊगल्ली) भुट्ट्याच्या किसाच्या ठेल्याशी उभा असतो आणि समोरच्याच्या बुटावरचा चुना नि बाहीचा डाग बघून तो कुठून आला, कोणाशी भांडून आला हे सांगून टाकतो. काकू चष्मा पुसत म्हणाल्या, "अरे हा तर शेरलॉक होम्स, फक्त पाइप काढून हातात खाण्याचा दोना दिलायस!" सगळे हसले. मला लागलं जरा, पण मग खंडूचं खानदान शोधायला बसलो आणि बघतो तर काय, होम्सलाच बाप आहे!

१८४१ मध्ये एडगर अ‍ॅलन पोने द्युपँ नावाचा पॅरिसचा माणूस गोष्टीत काढला, बरोबर चालणाऱ्या मित्राच्या मनातलं तो न विचारता सांगतो. १८८७ मध्ये डॉयलचा होम्स आला आणि पहिल्याच कादंबरीत त्याने या द्युपँला किरकोळ ठरवून त्याच्या त्या युक्तीला दिखाऊ म्हटलं, आणि पुढे स्वतःच वॉटसनवर तीच युक्ती केली! (डॉयलने आपले गुरू डॉ. बेल यांच्याकडून निरीक्षण उचललं, ते वेगळं.)

खरी गंमत पुढे आहे. डॉयलच्या बहिणीचा नवरा हॉर्नंग, त्याने होम्सला उलटा केला. डोकं तेवढंच तल्लख, सोबतीला तसाच एक भाबडा मित्र, पण धंदा चोरीचा! तो रॅफल्स. पुस्तक अर्पण केलंय ते मेव्हण्यालाच, वर लिहिलंय की ही खुशामतच समजा. गुन्हेगाराला हिरो करणं डॉयलला पटलं नव्हतं ते नव्हतंच. मग १९२५ मध्ये ब्रूस ग्रॅमचा ब्लॅकशर्ट आला, दिवसा नावाजलेला रहस्यकथा-लेखक आणि रात्री काळे कपडे घालून घरफोडी. आणि या ब्लॅकशर्टवरूनच आपल्या रहस्यकथाकार बाबूराव अर्णाळकरांचा काळा पहाड बेतलेला, जो आमच्या आजोबांनी पोथीत लपवून वाचला. म्हंजे प्रत्येकाने आधीच्याची एकच गोष्ट फिरवली, कोणी बाजू, कोणी धंदा, कोणी गाव, आणि नवा माणूस तयार!

आपल्या इंदूरचाही धागा आहे यात. भा. रा. भागवत इथेच जन्मले, १९१० मध्ये. फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न त्यांनी मराठीत आणला, चंद्रावर जाणं, पृथ्वीच्या पोटात शिरणं सगळं मुलांसाठी. आता इतकं यान-बिन हाताखालून गेलेल्या माणसाने स्वतःचा हिरो कसला काढावा? फुरसुंगीचा काडीपैलवान बनेश ऊर्फ फास्टर फेणे! ना यान ना पाणबुडी, एक सायकल नि तोंडाने "ट्टॉक". मला वाटतं व्हर्नमधली यंत्रं त्यांनी तिथेच ठेवली आणि धावपळ तेवढी घेतली. उसनवारीत हे सगळ्यात अवघड, कारण वाचताना आपल्याला यंत्रच दिसतं ना आधी. माझ्या खंडूत मी पाइपच उचलला होता, दोना म्हणून.

तर आता खंडूची नजर मी पार अधू केलीय. तो ठेल्याशी डोळे मिटून उभा राहतो आणि वासावरून माणूस ओळखतो, तळलेल्या गराडूच्या (कंदाच्या) तेलाचा वास, पावसात भिजलेल्या लोकरीचा, सोनाराच्या तेजाबाचा, आणि तीनदा तरी चुकतो. परवा काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हां, आता बरंय. पण हे वासाचं कुठून उचललंस?"