मासे मावणं वेगळं, मासे पेलणं वेगळं

टँकमध्ये किती मासे मावतील आणि त्या पाण्याला किती मासे पेलतील, हे दोन वेगळे हिशेब आहेत. नव्या टँकमधले मासे मरतात ते अनेकदा पहिल्याच हिशेबावर थांबल्यामुळे.

मावण्याचा हिशेब पट्टीने होतो. ६० सेंमी लांब, ३० रुंद आणि ३० उंच टँकमध्ये ५४ लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची रिकामी जागा सोडली की ४५ लिटरच्या आसपास. गॅलनला (सुमारे ३.८ लिटर) एक इंच मासा, हा जुना आडाखा लावला तर यात बारा इंच मासे बसतात, म्हणजे सात-आठ निऑन टेट्रा. ठीक आहे. पण याच आडाख्यात फूटभर लांबीचा एक गोल्डफिशही बसतो, आणि तिथे तो सपशेल चुकतो. त्याच बांध्याच्या माशाची लांबी दुप्पट झाली की वजन जवळपास आठपट होतं, आणि खाणं-घाणही त्याबरोबर वाढते.

पेलण्याचा हिशेब डोळ्यांना दिसत नाही. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी विषारी नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी कितीही नितळ दिसो, त्याला फारसं काही पेलत नाही. मासे आणण्याची घाई आवरणं अवघड असतं, हे मला मान्य आहे, तरी थांबाच.

प्राणवायूचंही तसंच. तो मुख्यतः पृष्ठभागातून मिसळतो. वरचाच टँक उभट करा, ६० सेंमी उंच: पाणी तेवढंच, पृष्ठभाग मात्र निम्मा. त्यात पाणी गरम झालं तर प्राणवायू आणखी कमी विरघळतो.

उलटंही घडतं. दोन नर फायटर माशांची घाण या टँकला सहज पेलते, पण ते एकमेकांना फाडतात.

माझा भर पाणी तपासायच्या टेस्ट किटवर आहे. दोन-तीन मासे सोडावेत, आठवडा-दोन आठवडे थांबावं, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य असले तरच पुढचे आणावेत. मोजताना मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होईल ते धरावं. गप्पीची जोडी आणणार असाल, तर महिन्याभरात होणारी पिल्लंही धरा.