नैराश्य

नैराश्य : मन, झोप, भूक, विचार आणि शरीराचा वेग या सगळ्यांवर परिणाम करणारा आजार, रोजच्या बोलण्यातले ‘डिप्रेशन’. नोकरी गेली, लग्न मोडले, घरातले माणूस गेले की दुःख होतेच. ते दुःख म्हणजे आजार नव्हे.

दुःख किती मोठे, यावरून हा फरक ठरत नाही. शोकात उमाळा येतो आणि ओसरतो. आईच्या दहाव्याला हमसून रडलेली लेक थोड्या वेळाने भाच्याच्या बोबड्या बोलण्यावर हसते, बहिणीने ताट पुढे केले की चार घास खाते. नैराश्यात ते हसू बहुधा उमटतच नाही. आवडते गाणे, जिवलग मैत्रीण, पगारवाढ, कशातच जीव रमत नाही. पहाटे तीन-चारला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही. अनेकांना सकाळच सर्वांत जड जाते. भाजी कोणती करायची एवढे ठरवतानाही दमायला होते. शोकात गेलेल्या माणसाची आठवण छळते. इथे रुग्ण स्वतःलाच दोष देत राहतो. ‘मी घरावर ओझे आहे’ हे त्याला मनापासून पटलेले असते. म्हणून ‘मन घट्ट कर’ हा सल्ला निरुपयोगीच नव्हे, क्रूर ठरतो.

प्रचलित निकषांनुसार नऊपैकी किमान पाच लक्षणे सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात. त्यांत उदासी किंवा गोडी नाहीशी होणे यांपैकी एक हवेच. आपल्याकडे अनेक रुग्ण आधी डोके जड होणे, अंगदुखी, थकवा अशा तक्रारी घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जातात. रिपोर्ट नॉर्मल आले की ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर बोळवण होते आणि आजार तसाच राहतो. थायरॉइडचे कार्य मंदावल्यानेही अशी लक्षणे दिसतात, म्हणून ती तपासणी करून घ्यावी.

सौम्य आजारात समुपदेशन व मानसोपचार पुरतात. तीव्र असल्यास औषधे लागतात. नेहमीच्या नैराश्यविरोधी गोळ्यांचे व्यसन लागत नाही. मात्र गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात पुष्कळ जण कंटाळून त्या सोडतात. बरे वाटल्यावरही सहसा किमान सहा महिने उपचार चालू ठेवतात. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायच्या असतात.

मरणाचे विचार येतात का, हे रुग्णाला सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. तिथे मराठीतही बोलता येते.