गोवा गिल

गोवा गिल : (११ ऑक्टोबर १९५१ – २६ ऑक्टोबर २०२३). गोवा ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या जडणघडणीतील प्रमुख डीजे व संगीतनिर्माते. मूळ नाव गिल्बर्ट लेव्ही. जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन राफेल येथे. सॅन फ्रान्सिस्कोच्या हिप्पी वर्तुळात वावरलेले गिल १९६९ च्या सुमारास देश सोडून युरोपमार्गे भारतात आले आणि गोव्याच्या बार्देश तालुक्यातील हणजूण हे त्यांचे हिवाळ्यातले ठिकाण झाले. पुढे त्यांनी जुना आखाडा या शैव संन्याशांच्या संघात महंत निर्मलानंद सरस्वती यांच्याकडून दीक्षा घेतली. त्यांचे साधुनाम बाबा मंगलानंद. निधन गोव्यात.

गिल यांना ‘गोवा ट्रान्सचे जनक’ म्हणण्याची प्रथा आहे. ती जपूनच स्वीकारावी लागते. १९७० च्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावरील मेळाव्यांत गिटार-ड्रमवर रॉक वाजे आणि गिल स्वतः त्या वादनात असत. हे संगीत मागे पडून यंत्रसंगीत आले ते साधारणतः १९८३ नंतर. या बदलाचे श्रेय एका मतानुसार गिल यांना, तर दुसऱ्या मतानुसार लोराँ व फ्रेड डिस्को या फ्रेंच डीजेंना दिले जाते. त्या काळाची बरीचशी माहिती सहभागींच्या आठवणींतून आणि हातोहात फिरलेल्या कॅसेटींतून मिळत असल्याने नेमके वर्ष सांगणे धाडसाचे ठरेल. बेल्जियमच्या फ्रंट २४२ किंवा इंग्लंडच्या कॅबरे व्होल्टेअरसारख्या गटांच्या ध्वनिमुद्रणांतून गायन काढून टाकायचे आणि तालाचा भाग जोडत लांबवायचा, ही रीत तेव्हा अनेकांच्या हातून घडत होती. प्रवर्तकाचा मान एकट्याला देण्यापेक्षा ती सामूहिक निर्मिती मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

तंत्राच्या बाबतीत मात्र गिल यांचे वेगळेपण निर्विवाद आहे. उष्णता, धूळ व खारी हवा यांमुळे विनाइल तबकड्या गोव्यात टिकत नसत. शिवाय त्या वाहून आणणे अवघड. म्हणून येथील डीजे प्रथम कॅसेट आणि नंतर सोनी कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणलेली डॅट ही अंकीय फीत वापरू लागले. डॅटचा आवाज स्वच्छ, आकार कॅसेटहून लहान. परंतु बहुतेक सुवाह्य डॅट यंत्रांत वेग कमी-जास्त करण्याची सोय नव्हती. त्यामुळे दोन रचनांचे ठोके जुळवून मिसळणे कठीण जाई. एक रचना विरत असताना दुसरी हळूच पुढे आणावी लागे. या शैलीतील रचनांना तालाविना दीर्घ आरंभ व शेवट असतात, त्यामागे ही अडचण हे एक सबळ कारण दिसते. संगीतकार स्टुडिओतून ताजी, अप्रकाशित मुद्रणे थेट डॅटवर आणत आणि फितींची अदलाबदल होई. सीडी व लॅपटॉप सर्वत्र रूढ झाल्यावरही गिल यांनी डॅट सोडली नाही.

सलग २४ तास, क्वचित त्याहूनही अधिक, एकट्याने वाजवणे ही त्यांची ख्याती. रात्री गडद व वेगवान, पहाटेनंतर उजळ असा क्रम ते राखत. वादनाच्या जागी शिवाची प्रतिमा व उदबत्ती असे. नृत्य हे आदिम सामूहिक विधीचे आधुनिक रूप आहे, अशी त्यांची धारणा होती. पत्नी एरियन मॅकअव्हॉय या जेंबे या आफ्रिकी ढोलाच्या वादक. त्यांच्यासह ‘द नॉमॉस’ या नावाने गिल यांनी रचना केल्या.

१९९० च्या दशकात ही शैली गोव्याबाहेर गेली. लंडनमध्ये १९९३ साली संगीतनिर्माते यूथ यांच्या पुढाकाराने ड्रॅगनफ्लाय रेकॉर्ड्स ही ध्वनिमुद्रण संस्था सुरू झाली. १९९४ च्या डिसेंबरात इंग्रज डीजे पॉल ओकनफोल्ड यांचा ‘गोवा मिक्स’ बीबीसी रेडिओ १ वरून प्रसारित झाला. गिल यांचा कल मात्र पुढे सायकेडेलिक ट्रान्स या गोवा ट्रान्समधून निघालेल्या शैलीच्या अधिक गडद रूपाकडे वळला.

हणजूण-वागातोरच्या स्थानिक समाजाशी या मेळाव्यांचे नाते दुपदरी होते. चटया अंथरून रात्रभर चहा व खाद्यपदार्थ विकणाऱ्या बायकांना त्यांतून हंगामी कमाई होई. दुसरीकडे आवाज व अमली पदार्थांबद्दल तक्रारीही होत. अभ्यासक अरुण सालढाणा यांनी तर या नृत्यस्थळी गोरे पाहुणे व भारतीय यांच्यात पडणारे अंतर दाखवून विश्वबंधुत्वाच्या दाव्याला आक्षेप घेतला आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई झाल्यावर रात्रभराच्या खुल्या मेळाव्यांची जागा मर्यादित झाली.