वीस मिनिटांचे वीस तास

२५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती मोजणारा संगणकावरचा टायमर मागे पडला की बोल संगणकाच्या घड्याळाला लागतो. ते बिचारं चोख असतं. मदरबोर्डवरचा क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर १ उरतो. स्फटिक दहा लाखांत २० भागांनी चुकला, तरी २५ मिनिटांत फरक पडतो ०.०३ सेकंदाचा.

चूक असते प्रोग्राममध्ये. नवशिक्याचा टायमर १५०० पासून, म्हणजे २५ मिनिटांच्या सेकंदांपासून सुरू होतो: एक सेकंद थांब, एक वजा कर, पुन्हा थांब. पण ‘एक सेकंद थांब’ म्हणजे ‘निदान एक सेकंद थांब’. दर फेरीला ५ मिलिसेकंद उशीर धरला, तर साडेसात सेकंद वाढतात. तेही चालेल. खरा घोटाळा ब्राउझरमध्ये होतो. टॅब ५ मिनिटांहून जास्त झाकलेला राहिला आणि ३० सेकंद त्यातून आवाज आला नाही, की वीज वाचवण्यासाठी क्रोम त्यातल्या टायमरला मिनिटातून एकदाच जागं करतो. पहिल्या ५ मिनिटांतल्या ३०० सोडून उरलेल्या १२०० वजाबाक्यांना मग १२०० मिनिटं, म्हणजे २० तास! आणि त्याच टॅबमध्ये गाणं चालू असेल, तर हाच टायमर बरोबर चालतो. त्यामुळे दोष सापडता सापडत नाही.

म्हणून सेकंद मोजूच नका. संपण्याची वेळ सुरुवातीलाच नोंदवा आणि जाग येईल तेव्हा तिच्यातून आत्ताची वेळ वजा करा. घंटा फार तर मिनिटभर उशिरा वाजेल, आकडा चुकणार नाही. डेस्कटॉप प्रोग्रामात ही वजाबाकी मोनोटॉनिक, म्हणजे कधीच मागे न जाणाऱ्या घड्याळावर करा. तारखेचं घड्याळ इंटरनेटवरून दुरुस्त होताना मागेपुढे सरकतं. लिनक्सवर लॅपटॉप झोपला की मोनोटॉनिकही थांबतं. झाकण मिटून चहाला गेलात आणि ती दहा मिनिटं धरायची असतील, तर झोपेचा वेळही मोजणारं ‘बूटटाइम’ घड्याळ घ्या.

२५-५ ची पद्धत इटलीच्या फ्रांचेस्को चिरिल्लोने १९८० च्या दशकाच्या अखेरीस बसवली. तो शरीराचा नियम नाही. ४० मिनिटं जमत असतील तर ४० ठेवा.

टायमर संपताना संगीत हळूहळू विझवायचं असेल आणि आवाज सारख्या पायऱ्यांनी वजा केला, तर बराच वेळ काही जाणवत नाही आणि शेवटी तो एकदम तुटतो, कारण कान गुणोत्तर ऐकतो. दर सेकंदाला ०.६३ ने गुणा. दहा सेकंदांत तो शंभरावा भाग उरेल. ४३२ हर्ट्झला सूर लावलेल्या संगीताने एकाग्रता वाढते ही मात्र निव्वळ जाहिरात. आपल्याकडे षड्ज गायकागणिक बदलतो, कुणाचा काळी एक, कुणाचा काळी चार. मैफल रंगायची थांबत नाही.

काम की विश्रांती हे रंगाने दाखवणारा दिवा टायमरला जोडायचा असेल, तर एमक्यूटीटी (उपकरणांनी एकमेकांना छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) पुरेसं आहे. ‘विश्रांती’ ही स्थिती, ‘घंटा वाजव’ ही घटना. स्थितीच्या संदेशाला ‘रिटेन’ खूण लावा, म्हणजे शेवटचा संदेश जपून ठेवला जातो. वीज जाऊन आली तरी दिवा पुन्हा जोडला जाताच योग्य रंग धरेल. घंटेला मात्र ती लावू नका. नाहीतर रात्री दोनला राउटर बंद होऊन सुरू झाला, की जुनाच संदेश पुन्हा पोचेल आणि घंटा घरभर वाजेल.