काळं तिखट सादळलं की त्याचा वास उडाला?

आषाढ लागला की आमच्या दुकानात एकच तक्रार घेऊन माणसं येतात. "मार्चात केलेलं काळं तिखट सादळलं बघा. आमटीला चवच येईना." मी डबा उघडतो, चमचा तिरका करतो. तिखट वाळूसारखं घरंगळतं. एक गठळी नाही, चमच्याला कणभर चिकटत नाही. हे सादळलेलं कुठून असणार? याचा वास उडालाय. पण पुढचं वाक्यही ठरलेलंच असतं: "दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवलं, तरी फरक नाही." उरलासुरला वास त्याच दोन दिवसांत गेलेला असतो.

सोलापुरात मधल्या मारुतीजवळ खडा मसाला विकण्यात माझी वीस वर्षं गेली. सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतो.

सादळणं काय ते तुम्हाला शिकवायला नको. श्रावणात उघडा राहिलेला चिवडा आठवा. मसाला हवेतलं पाणी ओढतो, गठळ्या धरतो, डब्याच्या कडेला चिकटतो आणि दुर्लक्ष केलं तर कुबट होऊन बुरशीवर जातो. बुरशी दिसली की अख्खा डबा टाकायचा. वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही. काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडतात आणि ते फोडणीत जळत नाही की आमटीत उकळून जात नाही. सादळण्याबद्दल एवढं पुरे.

वास उडण्याकडे मात्र कुणी नीट बघत नाही.

मसाल्याचा वास म्हणजे त्याच्या पोटातलं तेल. खोबऱ्याचं किंवा शेंगदाण्याचं असतं तसलं नव्हे, हे उडून जाणारं तेल. धन्यात लिनालूल, लवंगेत युजेनॉल, जिऱ्यात क्युमिनाल्डिहाइड अशी नावं त्यांना आहेत; नावं विसरलात तरी चालेल. लक्षात एवढंच ठेवा की मसाल्यातून सुटून हवेत आल्याशिवाय ही द्रव्यं नाकापर्यंत पोचतच नाहीत. आपण जेव्हा "वास येतोय" म्हणतो, तेव्हा तो मसाल्यातून जात असतो.

आता हिशोब बघा. लवंगेत हे तेल वजनाच्या १५ ते २० टक्के असतं. जिऱ्यात २ ते ५ टक्के. धन्यात बहुतेक वेळा १ टक्क्याच्याही आत. म्हणून जुन्या मसाल्यात लवंग शेवटपर्यंत बोलत राहते आणि धने सगळ्यांत आधी गप्प होतात. आणि काळ्या तिखटात मिरचीखालोखाल वजन कशाचं? धन्याचंच. मिरची तर गोंधळ आणखी वाढवते. तिचा जाळ कॅप्सेसिनचा, आणि ते काही उडत नाही. त्यामुळे जीभ भाजते, कपाळावर घाम येतो, आणि आमटीला मात्र वास म्हणून नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "तिखट तर आहे की, मग खराब कसं?" जाळ राहतो, वास जातो. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

अख्ख्या धन्यात हे तेल सालीतल्या बारीक नळ्यांत बंद असतं. भाजलं, कांडलं की नळ्या फुटतात. एका दाण्याचे हजार कण होतात आणि प्रत्येक कणाला हवा लागते. अख्खे धने वर्ष-दीड वर्ष सहज टिकतात आणि धनेपूड दोन-तीन महिन्यांत कडब्यासारखी लागते, ती यामुळे.

आता त्या उन्हाकडे येतो, कारण सगळी माती तिथेच होते.

सादळलेल्यातलं पाणी उन्हात उडतं, म्हणून ऊन हे औषध. वास उडालेल्यातलं उरलेलं तेलही उन्हात उडतं, म्हणून ऊन हेच विष. ऊन पाण्याला वेगळं आणि तेलाला वेगळं ओळखत नाही. आणि फसवं काय, तर उन्हात परात ठेवली की तासाभरात गच्चीभर सुवास दरवळतो. बाई खूश, "बघा, मसाला जागा झाला!" जागा कसला होतोय, तो घर सोडून चाललाय. संध्याकाळी परात आत आणता तेव्हा त्यात रंग, जाळ आणि भुसा शिल्लक असतो. रंगसुद्धा पूर्वीचा राहत नाही, कारण मिरचीचा लाल रंग उजेडानेच विटतो.

मग ही उन्हाची सवय आली कुठून? ती चुकीची नव्हतीच, आपण तिला चुकीच्या जागी नेलं. कांडपाला देण्याआधी मिरच्यांना कडक ऊन द्यायचं, देठ मोडल्यावर टचकन आवाज आला पाहिजे, हे शंभर टक्के बरोबर. अख्ख्या मिरचीतलं पाणी जायलाच हवं, नाहीतर कांडलेलं तिखट महिन्याभरात गठळ्या धरतं. ऊन कांडपाच्या आधी द्यायचं. कांडल्यानंतर कधीही नाही. आमची आजी हे बरोबर पाळायची. पुढच्या पिढीने "आजी ऊन द्यायची" एवढंच लक्षात ठेवलं, कधी द्यायची ते विसरली.

दुसरं कारण म्हणजे परगावचे सल्ले. रत्नागिरीची, मुंबईची माणसं सादळण्याला घाबरतात, आणि त्यांनी घाबरायलाच हवं. समुद्रकाठची हवा बारा महिने ओली. पण आपण राहतो कुठे? एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो, दुपारी हवेतला ओलावा वीस-पंचवीस टक्क्यांवर येतो, ओला टॉवेल दोरीवर टाकून चहा पिईपर्यंत वाळतो. असल्या हवेत बंद डब्यातला मसाला सादळेल कसा? आपला शत्रू ओल नव्हे, उष्णता. सोलापुरात मसाला ठेवायचा म्हणजे मुख्यतः तो तापू द्यायचा नाही. आपल्याकडे मसाला सादळतोच, तर बहुतेक वेळा पावसाने नाही, स्वयंपाकिणीने: उकळत्या भांड्यावर डबा उघडा धरून, वाफेने ओला झालेला चमचा परत डब्यात घालून.

ओळखायचं कसं? तिखट चिमटीत दाबा. दाबलेला आकार राहिला, बोटांना चिकटलं, तर सादळलंय. तरी खात्री नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत थोडं भरून झाकण घट्ट लावा, अर्धा तास उन्हात ठेवून सावलीत आणा. आतून दव धरलं तर ओल आहे. (इथे ऊन चालतं, कारण ते चमचाभर नंतर टाकलं तरी बिघडत नाही.) वास उडालाय का हे बघायला तळहात एकमेकांवर चोळून गरम करा, चिमूटभर तिखट त्यावर रगडा आणि नाकाशी न्या. ताजं असेल तर आधी दगडफूल, मग धने-जिरे, मागून लवंग असा थराथराने वास येतो. नुसती लवंग आली आणि त्यानंतर ठसका, तर बाकीचे गेले म्हणून समजा.

ठेवणीत लोक पहिल्यांदा हरतात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत. साधी पातळ पिशवी पाण्याची वाफ बऱ्यापैकी अडवते, म्हणून तिच्यात मसाला सादळत नाही आणि सगळ्यांना वाटतं, काम झालं. पण सुवासाची द्रव्यं त्याच प्लॅस्टिकमधून आरपार जातात. पटत नसेल तर मूठभर लवंगा पिशवीत घट्ट गाठ मारून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पिशवी बाहेरून हुंगा. एकाच पिशवीत ओलीला कुलूप आणि वासाला दार उघडं. कपाट उघडताच मसाल्याचा घमघमाट येतो म्हणून पाहुणे कौतुक करतात ना? तो तुमचा मसालाच बाहेर आलेला असतो. चांगल्या ठेवणीच्या कपाटाला कसलाच वास येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बुटाच्या खोक्यात निघणाऱ्या त्या सिलिका जेलच्या पुड्या. हल्ली त्या मसाल्याच्या डब्यात टाकायची फॅशन आहे. सिलिका जेल पाणी शोषतं, उडालेला वास कुठून आणणार? आणि निळ्या मण्यांची पुडी असेल तर ती अन्नाजवळ नकोच. तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा, ते विषारी आहे.

आणि चिनी मातीच्या बरणीला फडकं बांधून काढलेले फोटो! दिसायला झकास. मिठातल्या लोणच्याला ते ठीक. कांडलेल्या मसाल्याच्या तोंडाला फडकं बांधणं आणि तोंड उघडं ठेवणं यात माझ्या मते फारसा फरक नाही. त्याहून वाईट म्हणजे शेगडीच्या वर फळीवर मांडलेल्या पारदर्शक बाटल्यांची रांग. उजेड, वाफ, आच, तिन्ही एका जागी. नव्या फ्लॅटमधले सगळे स्वयंपाकघरवाले हेच करून देतात आणि मला दर वेळी आतून कळ येते.

मी काय करतो? वर्षाचं तिखट एका मोठ्या डब्यात ठेवत नाही. पाव-पाव किलोच्या काचेच्या बाटल्या, फिरकीच्या झाकणाच्या, गळ्यापर्यंत दाबून भरलेल्या. डब्यातली रिकामी जागा मसाल्याच्या वासाने भरते आणि झाकण उघडलं की तेवढा वास स्वयंपाकघरात जातो. तळाला दोन वाट्या राहिलेला पाच किलोचा डबा म्हणजे रोजची गळती. स्टीलचा डबा वापरायचा तर ज्याचं झाकण नखाने उचकटावं लागतं तसला. धक्का लागताच गरगर फिरणारं झाकण ज्वारीच्या पिठाला ठेवा. बाटल्या अंधाऱ्या कपाटात, जमिनीजवळच्या कप्प्यात. वरचा कप्पा मे महिन्यात तापतो.

ज्यांचा मसाला खरोखर सादळलाय, त्यांनी तो ताटात पातळ पसरून सावलीत, पंख्याखाली, कोरड्या दिवशी दोन-तीन तास ठेवावा. थोडा वास जाईलच, पण उन्हात जातो तेवढा नाही. ज्यांचा वास उडालाय, त्यांना उपाय नाही. उडालेलं तेल परत येत नाही. ते तिखट जाळापुरतं वापरा आणि रोजच्या फोडणीत ताजे धने-जिरे भाजून, कुटून घाला. पुढच्या वर्षी निम्मंच करा.

खवट होणं हे तिसरंच प्रकरण, आणि ते नाकाला फसवत नाही. काळ्या तिखटातलं खोबरं, तीळ किंवा आपली शेंगा चटणी, यांतलं जड तेल हवा लागून बिघडतं. त्याला ना सादळणं म्हणायचं ना वास उडणं. हिंगाचे खडे डब्यात पुरून या तिन्हींवर इलाज होतो असं मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. हिंगाने मसाल्याला हिंगाचा वास लागतो, एवढं खात्रीने सांगतो.

राहिला फ्रीज. फ्रीजरमध्ये मसाला उत्तम राहतो. थंडीत तेल सावकाश उडतं आणि खोबरंही लवकर खवट होत नाही. अट एकच: बाहेर काढलेली बाटली खोलीइतकी गरम होईपर्यंत उघडायची नाही. गार मसाल्याला बाहेरची हवा लागली की त्यावर दव धरतं, आणि वास वाचवायला गेलेला माणूस मसाला सादळवून बसतो.

आमच्या गल्लीतल्या अक्कांना गेल्या वर्षी मी हे सगळं पटवलं, चार बाटल्याही दिल्या. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला त्या दुकानात आल्या.

"मसाला काय म्हणतो, अक्का?"

"एकदम कोरडा हाय बघा, एक गठळी न्हाई. फ्रीजमधी ठिवला तुम्ही सांगितल्यासारखा. पर नातू आइस्क्रीम खाईना झालाय, लवंगीचा वास मारतोय म्हणं."

मी चौथ्या बाटलीचं झाकण बदलून दिलं.