घसरणारा चेंडू, घरंगळणारा चेंडू

बोलिंग, म्हणजे जड चेंडू घरंगळवत नेऊन टोकाला उभ्या दहा पिना पाडण्याचा खेळ. त्याच्या लेनवर, म्हणजे लांब पट्ट्यावर, पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या माणसाला समोरचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच गुळगुळीत दिसतो. प्रत्यक्षात तो तसा नसतो. फाउल लाइनपासून (चेंडू सोडताना जी ओलांडायची नसते त्या रेषेपासून) पहिल्या पिनपर्यंतचे अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर असते. त्यापैकी साधारण पहिल्या ४० फुटांवर यंत्राने खनिज तेलाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो आणि पुढचा भाग कोरडा ठेवलेला असतो. नेहमीच्या खेळासाठीच्या लेनवर हे तेल मध्यभागी जास्त आणि दोन्ही कडांना कमी असते. लेनकडे पाहून यातले काहीच कळत नाही. पण परत आलेला चेंडू उचलून दिव्याखाली जरा तिरपा धरला, तर त्याच्या पृष्ठभागावर तेलाचे चकाकणारे कडे उमटलेले दिसते. खेळ सुधारण्याची सुरुवात हे कडे पाहण्यापासून आणि प्रत्येक फेकीआधी ते फडक्याने पुसण्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

चेंडू हातातून सुटतो तेव्हा तो घरंगळत नसतो, घसरत असतो. लेनशी होणाऱ्या घर्षणामुळे त्याचा वेग कमी होत जातो आणि फिरणे वाढत जाते. दोन्हींचा मेळ बसला की घसरणे थांबून घरंगळणे सुरू होते. चेंडू एकजिनसी भरीव गोल मानला आणि तो अजिबात न फिरवता सोडला, तर त्या क्षणापर्यंत मूळ वेगाचा ५/७ भाग शिल्लक राहतो. मात्र हा क्षण कोठे येईल, हे सर्वस्वी घर्षणावर अवलंबून असते. तेलावरचा घर्षणांक सुमारे ०.०४ आणि कोरड्या भागावरचा सुमारे ०.२ धरून, सेकंदाला ८ मीटर वेगाने सोडलेल्या चेंडूचा हिशेब केला, तर संपूर्ण लेन कोरडी असताना तो साधारण ८ मीटर घसरेल आणि संपूर्ण लेन तेलकट असताना ४० मीटर, म्हणजे लेनच्या दुपटीहूनही अधिक. घसरण्याचे हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग १० टक्के वाढवला की ते २१ टक्के वाढते. अंगातला सगळा जोर लावून फेकलेला चेंडू वळायच्या आतच पिनांवर जाऊन का आदळतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

तो वळायला हवा तरी कशासाठी? पिना त्रिकोणात मांडलेल्या असतात: सर्वांत पुढे १, तिच्या मागे २ आणि ३, मग ४ ते ६ आणि शेवटी ७ ते १०, प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे. उजव्या हाताने खेळणाऱ्याला स्ट्राइकसाठी (एकाच चेंडूत दहाही पिना पाडण्यासाठी) चेंडू १ आणि ३ क्रमांकांच्या पिनांमधल्या फटीत, म्हणजे पॉकेटमध्ये घालायचा असतो. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस या अमेरिकी संघटनेच्या चाचण्यांनुसार त्यासाठी सुमारे ६ अंशांचा प्रवेशकोन (पिनांमध्ये शिरताना चेंडूच्या वाटेचा लेनच्या लांबीशी होणारा कोन) सर्वांत चांगला ठरतो. लेन मात्र जेमतेम साडेतीन फूट रुंद आहे. अगदी उजव्या कडेवरून सरळ फेकलेल्या चेंडूलाही दीड अंशाहून कमी कोन मिळतो. त्यामुळे ६ अंशांसाठी चेंडू शेवटच्या टप्प्यात वळणे अपरिहार्य आहे. आदर्श स्ट्राइकमध्ये चेंडू स्वतः १, ३, ५ आणि ९ या चारच पिनांना लागतो. उरलेल्या सहांपैकी २, ४ आणि ७ या पिना पहिल्या पिनेच्या धक्क्याने एकापाठोपाठ एक पडतात, ६ आणि १० तिसरीमुळे, तर ८ पाचवीमुळे. कोन कमी पडला की पहिल्या धडकेनंतर चेंडू उजवीकडे ढकलला जातो आणि पाचव्या पिनेवर त्याचा नीट मारा बसत नाही. दीड किलोच्या आसपास वजनाच्या पिनेला धडकणारा चेंडू हलका असेल, तर तो अधिकच ढकलला जातो. म्हणून सहज पेलवेल एवढा जड चेंडू निवडावा.

वळण येते ते बाजूच्या फिरकीने. अंगठा आधी सुटतो, चेंडू क्षणभर मधल्या बोटावर आणि अनामिकेवर राहतो, आणि ती दोन बोटे त्याच्या कडेने वर येताना त्याला फिरकी देतात. तेलावर ही फिरकी जवळजवळ तशीच टिकून राहते. कोरड्या भागावर पोहोचताच तीच चेंडूला आत खेचते. याला मनगटाचा झटका लागत नाही आणि खांद्याचा जोरही लागत नाही. हात लंबकासारखा सैल सोडला, तर त्याला वेग देण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते आणि तो वेग दर फेकीला जवळपास सारखाच राहतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या रिॲक्टिव्ह रेझिनच्या चेंडूंचा सच्छिद्र पृष्ठभाग तेल शोषून लेनला घट्ट पकडतो. बोलिंग केंद्रातले भाड्याचे चेंडू बहुधा साध्या प्लॅस्टिकचे असतात आणि ते फारसे वळत नाहीत.

प्रत्येक फेकीबरोबर चेंडू थोडे तेल उचलतो, थोडे पुढे नेतो, म्हणजे तासाभराने आपण वेगळ्याच लेनवर खेळत असतो. सकाळी पॉकेटमध्ये जाणारा चेंडू आता लवकर वळून पहिल्या पिनेच्या तोंडावर आदळू लागला, तर उजव्या हाताच्या खेळाडूने फेक बदलू नये, पाय डावीकडे सरकवावेत.

नवशिक्याने मात्र हूकच्या, म्हणजे वळणाऱ्या चेंडूच्या, आधी स्पेअरची, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या चेंडूवर पाडण्याची, तयारी करावी, असे मला मनापासून वाटते. दहाही फ्रेममध्ये (खेळाच्या दहा डावांमध्ये) पहिल्या चेंडूवर ९ पिना पाडून दहावी दर वेळी सोडली, तर ९० गुण होतात. तीच पिन दर वेळी पाडली, तर १९०, कारण स्पेअरला पुढच्या चेंडूचे गुणही जोडले जातात. यातही भूमिती मदतीला येते. फाउल लाइनपासून सुमारे १५ फुटांवर लेनवर बाण काढलेले असतात. नेहमीचाच बाण नजरेसमोर ठेवून उभे राहण्याची जागा ३ फळ्या (लेन ज्या अरुंद उभ्या पट्ट्यांची असते त्या) उजवीकडे नेली, तर चेंडू पिनांपाशी साधारण ६ इंच डावीकडे पोहोचतो, आणि तेवढ्याच अंतरावर दुसरी पिन उभी असते. चौथीसाठी ६ फळ्या, सातवीसाठी ९. बाणाच्या मागे आणि पुढे तयार होणाऱ्या समरूप त्रिकोणांचा हा साधा उपयोग आहे.

उजव्या हाताच्या खेळाडूला सर्वाधिक छळते ती उजव्या कोपऱ्यातली दहावी पिन. तिचे केंद्र लेनच्या कडेपासून अवघे ७ सेंटीमीटर दूर असते आणि पलीकडे लगेच गटर, म्हणजे लेनच्या कडेची खोलगट पन्हळ, असते. तिच्यासाठी डावीकडे उभे राहून चेंडू तिरपा सोडावा, कारण त्या वाटेवर मधले दाट तेल लागते आणि चेंडू तिच्यापर्यंत सरळ जातो.