फोकस नेमका चुकतो कुठे? ऑटोफोकसच्या तक्रारींची पार्श्वभूमी

उन्हाळा लागला की पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडल्याच्या वाऱ्या करणाऱ्या नागपूरकर छायाचित्रकारांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते. वाघ पाणवठ्यावर समोर बसलेला, फोकसचा ठिपका डोळ्यावर, आणि शार्प आलं ते मागचं गवत. लग्नाची कामं करणारेही हेच सांगतात: नवरीचे डोळे सॉफ्ट, कानातले झुमके लख्ख. मग सगळा दोष लेन्सच्या माथी. पण बरेचदा तो एकट्या लेन्सचा नसतो. त्याचं मूळ ऑटोफोकसची रचना कशी घडत गेली त्यात आहे, म्हणून तो इतिहास माहीत असलेला बरा.

मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणजे १९७७ चा कोनिका सी३५ एएफ. त्यातली फोकसची यंत्रणा अमेरिकेच्या हनीवेल कंपनीची होती. १९८१ मध्ये पेंटॅक्सने एमई-एफ हा ऑटोफोकस एसएलआर (लेन्समधलं दृश्य आरशातून व्ह्यूफाइंडरला दाखवणारा कॅमेरा) आणला, पण तो संथ होता. बाजार फिरला तो १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने. त्याच्यावरून हनीवेलने पेटंटचा दावा लावला, १९९२ मध्ये तो जिंकला आणि मिनोल्टाला १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजावे लागले. दरम्यान १९८७ मध्ये कॅननने ऑटोफोकससाठी जुना माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची कडी) सोडून ईओएस मालिका सुरू केली होती. म्हणजे जुन्या लेन्स वापरणाऱ्या आपल्याच गिऱ्हाइकांना नाराज करण्याची तयारी ठेवून.

आता आतली रचना पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे. एसएलआरचा मुख्य आरसा मधल्या भागात थोडा प्रकाश आरपार जाऊ देतो. त्याच्या मागे एक छोटा दुय्यम आरसा असतो. तो हा प्रकाश खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकस सेन्सरवर पाडतो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा तिथे एकमेकींशी ताडल्या जातात आणि त्यांच्यातल्या फरकावरून लेन्स कुठल्या दिशेने, किती फिरवायची हे एका झटक्यात ठरतं. वेग आला तो इथून. पण यात मोजणी होते एका जागी आणि फोटो उमटतो दुसऱ्या जागी. माउंटपासून दोन्ही जागांचं अंतर तंतोतंत सारखं हवं. दुय्यम आरसा केसभर जरी कलला, तरी फोकस पुढे किंवा मागे पडतो. यालाच आपण फ्रंट फोकस आणि बॅक फोकस म्हणतो. भरीला प्रत्येक लेन्सची स्वतःची बारीक चूक असते. बॉडी आणि लेन्सच्या चुका कधी एकमेकींना खोडतात, कधी एकमेकींत भर घालतात. मित्राच्या बॉडीवर चोख चालणारी लेन्स आपल्या बॉडीवर रुसते ती यामुळेच.

ही चूक फिल्मच्या काळातही होती. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटवर ती दिसत नव्हती, इतकंच. डिजिटल आलं, फोटो स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करून बघता येऊ लागला आणि तक्रारींचा पूर आला. हिशोब साधा आहे: फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ८५ मिमीची लेन्स, अॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र एफ १.८, अंतर दीड मीटर. स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा. डोळा आणि कान यांच्यातलं अंतर त्याहून जास्त आहे.

२००४ मध्ये निकॉन डी७० आला. त्या सुमारास, फोकस चुकतो का हे बघायला, कागदावर छापून तिरका ठेवायचा चाचणी-तक्ता हातोहात पसरला. २००७ मध्ये कॅननच्या ईओएस-१डी मार्क ३ मध्ये आणि निकॉनच्या डी३, डी३०० मध्ये प्रत्येक लेन्ससाठी फोकस पुढेमागे सरकवायची सोय आली. त्याच मार्क ३ च्या फोकसबद्दल जगभर ओरड झाली आणि कॅननला दुय्यम आरशाची दुरुस्ती करून द्यावी लागली. पुढे सिग्माने यूएसबी डॉक काढून लेन्समध्येच, वेगवेगळ्या अंतरांसाठी वेगवेगळी सुधारणा करणं शक्य केलं.

तिरक्या तक्त्यावर माझा भरवसा नाही. व्ह्यूफाइंडरमधल्या चौकटीपेक्षा फोकस सेन्सरचा खरा भाग मोठा असतो. तिरक्या कागदावर तो शेजारची ओळ पकडतो आणि आपण नसलेली चूक दुरुस्त करत बसतो. ठळक, उभ्या-आडव्या रेषांचं सपाट लक्ष्य मुख्य सेन्सरला, म्हणजे फोटो उमटतो त्या सेन्सरला, समांतर ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्थिरीकरण बंद, अॅपर्चर पूर्ण उघडं, मधला एकच फोकस पॉइंट. अंतर फोकल लेंथच्या पन्नास पट, म्हणजे ४०० मिमीला २० मीटर. दर फोटोआधी लेन्स मुद्दाम फोकसबाहेर न्या, एकदा जवळच्या बाजूला, एकदा अनंताकडे. मग लाइव्ह व्ह्यूत (व्ह्यूफाइंडरऐवजी मागच्या स्क्रीनवर बघून) फोकस करून घेतलेल्या फोटोशी ताडून बघा. तिथे मोजणी मुख्य सेन्सरवरच होते. सगळे फोटो एकाच बाजूला चुकत असतील तर सेटिंगने सुधारता येतं. कधी पुढे, कधी मागे असं होत असेल तर आकडे फिरवून काही साधणार नाही. तो बॉडी-लेन्स सर्व्हिसला टाकायचा मामला आहे.

नागपुरात यात उन्हाची भर पडते. मे महिन्यात, नवतपात तर विशेष, तापलेल्या जमिनीवरची हवा सारखी हलत असते. लांबच्या टेलिफोटो फोटोत त्या झळा सगळंच पुसट करतात आणि तो फोकसचा दोष वाटतो. फरक ओळखता येतो: फोकस चुकला असेल तर पुढेमागे कुठेतरी एक पट्टा शार्प सापडतो, झळांमध्ये तो कुठेच सापडत नाही. चाचणी पहाटेच्या गारव्यात, उजेड फुटल्यावर घ्यावी. घरातल्या पिवळ्या बल्बखाली नको, कारण प्रकाशाच्या रंगानेही फोकस सेन्सरची मोजणी थोडी सरकू शकते.

मिररलेसमध्ये, म्हणजे आरसाच नसलेल्या कॅमेऱ्यांत, मोजणी आणि फोटो एकाच सेन्सरवर होत असल्याने आरशांच्या अंतराचा प्रश्नच उरला नाही. पण बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) किंवा ओळखीतून सेकंडहँड डीएसएलआर, म्हणजे डिजिटल एसएलआर, अजूनही घेतले जातात, आणि शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाती पहिल्यांदा तेच पडतात. असा सौदा करताना आपली नेहमीची लेन्स सोबत न्या, तिथेच लाइव्ह व्ह्यूतला आणि व्ह्यूफाइंडरमधला फोटो घेऊन मोठा करून बघा. त्या मॉडेलमध्ये फोकस सुधारायची सोय आहे का, तेही मेनूत तपासा. कॅननच्या ५०डी मध्ये ती होती, नंतरच्या ६०डी मधून काढली गेली आणि ७०डी मध्ये परत आली.